परत पाठवलेला पलंग

फोन गांधीलमाश्यांसाठी आला होता. पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज, "कूलरच्या मागं माश्यांनी पोळं केलं जी. कूलर सुरू कराचा हाय, पन हात लावाले भेव वाटते. आज याल का?"

उन्हाळा तोंडावर आला की चंद्रपुरात असे फोन रोजचेच. पावसाळा-हिवाळा बंद पडलेल्या कूलरच्या गवतात, छज्ज्याखाली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे माश्या आपला संसार थाटतात आणि पारा चढायला लागला की माणसांना त्या कोपऱ्यांची आठवण येते. मी व्हॅनमध्ये पंप टाकला आणि निघाले.

घरातली कीड मारायचा धंदा आमच्याकडे नवऱ्याने आणला. आधी तो धान्याच्या गोदामांत धुरी द्यायचं काम करायचा, नंतर स्वतःचं सुरू केलं. मी त्यात शिरले ती औषध मारायला नव्हे, बोलायला. ढेकणांच्या घरी बायका त्याला खरं सांगतच नसत. मुंग्या झाल्या, मच्छर चावून राह्यले, पोराले घामोळ्या आल्या, असं काहीबाही सांगून त्याला बैठकीतूनच परत पाठवायच्या. परक्या पुरुषासमोर आपल्या अंथरुणाची गादी कोण उलटून दाखवणार? मग तो मला सोबत नेऊ लागला. मी आत जायची, तो बाहेर थांबायचा. होता होता पंप माझ्या पाठीवर आला. आता वाळवी आणि दुकानं त्याच्याकडे, घरं माझ्याकडे.

हे घर परकोटाच्या आतल्या एका गल्लीत होतं. दोन मजली, दारात तुळस, जिन्याला नवा रंग. बाई साठीच्या आसपासच्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ नेसलेल्या. त्यांचे यजमान कोळसा खाणीतून रिटायर झालेले, अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. वरच्या मजल्यावर मागच्या गॅलरीत कूलर होता आणि त्याच्या पाठीला तळहाताएवढं कागदी पोळं लटकलं होतं.

मी म्हटलं, "थांबावं लागेल. दिवस मावळला की साऱ्या माश्या पोळ्यावर परत येतात. आता मारलं तर बाहेर गेलेल्या येतील आणि तिथंच दुसरं बांधतील."

"थांबा ना मंग," बाई म्हणाल्या. खाली नजर टाकून यजमान जागेवरच आहेत ना ते त्यांनी पाहिलं आणि गॅलरीचं दार हलकेच लोटून घेतलं. "तुमी ते दुसरंबी करता ना?"

"कोणतं?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधे मसुरीच्या डाळीएवढी जागा ठेवली. शब्द काही उच्चारला नाही.

"करते," मी म्हटलं.

"सुनेच्या खोलीत हाय. फागुनात लग्न झालं आमच्या पोराचं. माहेराहून पलंग आला तिच्यासंग. त्याच्यातूनच आले. खेड्यातलं लाकूड, कुठी पडून होतं कोनाले मालूम."

सून दारात उभी होती. तिने हे ऐकलं होतं, आणि पहिल्यांदा ऐकलं नव्हतं हेही दिसत होतं. उकाड्यातही तिने लांब बाह्यांचा कुर्ता घातला होता.

पलंग मात्र बघत राहावा असा होता. अस्सल सागवान, जाड पायांचा, पॉलिश न करता नुसतं तेल पाजलेला. उशाच्या फळीवर एकमेकांकडे तोंड केलेले दोन मासे कोरले होते. मी हात फिरवत राहिले तेव्हा सून हळूच म्हणाली, "आमच्या बाबांनी करवून घेतला. फॉरेस्टच्या डेपोतून लाकूड आनलं, पावतीचं. सुताराच्या बाजूले रोज जाऊन बसत. आमची तलावातली मासेमारी हाय ना, म्हनून मासे."

गादी उचलली, फळ्या काढल्या, टॉर्च लावून सांध्यांतून पत्र्याची पट्टी फिरवली. उशाच्या एका सांध्यात ढेकूण होते. पोटभर रक्त प्यायलेले एक-दोन मोठे आणि फिकट, नुकती कात टाकलेली पिल्लं. बाकी लाकूड स्वच्छ. जिथं ढेकूण वर्षानुवर्षं राहतात तिथं शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके असतात, फटीत सुकलेल्या कातींचा भुसा साठतो, एक गोडसर कुबट वास येतो. इथं त्यातलं काही नव्हतं. हे पाहुणे होते, आणि अलीकडेच आलेले.

"बाकी खोल्या दाखवा," मी बाईंना म्हटलं.

"बाकी कुठी नाई."

"नसतील तर चांगलंच. पण बघितल्याशिवाय मी औषध मारत नाही. एका खोलीत मारलं की ते चालत दुसऱ्या खोलीत जातात."

बाईंनी सुनेला चहा ठेवायला खाली पाठवलं आणि स्वतःच्या खोलीचं दार उघडलं.

भिंतीला टेकून लाकडी दिवाण होता. मी तो ओढायला गेले तर बाईंनीच दुसरं टोक धरलं. कुठे धरलं की तो हलतो हे त्यांच्या हातांना पाठ होतं. मागची भिंत दिसली. रंगाच्या थराखाली डाग, त्यावर रंग, त्यावर पुन्हा डाग. दिवाणाच्या मागच्या फळीतल्या प्रत्येक खिळ्याभोवती काळं कडं. खालच्या फटीत मेण भरलेलं, आणि मेणाच्या कडेने पुन्हा त्यांनी वाट काढलेली. तिथे फार काळ कोणीतरी एकट्याने लढत होतं.

बाई स्टुलावर बसल्या.

"दर दिवाळीले उकळतं पानी टाकतो मी. मिट्टीचं तेल टाकलं, कापूर ठेवला, सारं केलं. एखादं वरीस कमी होते, मंग पुन्हा होते."

"घरात कोणाला माहीत आहे?"

"ह्यायले चावतच नाई. म्हंजे चावत असन, पन अंगावर उठत नाई. त्यायले वाटते मले खाज सुटाची बिमारी हाय." त्या हसल्या, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "माझ्या सख्ख्या बहिनीले मी कधी मुक्कामाले ठेवलं नाई. वापस जाऊन काय सांगन ती?"

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. ढेकूण नेहमी दुसरीकडून आलेले असतात. भाडेकरूकडून, दवाखान्यातून, होस्टेलमधून, रेल्वेतून, मोलकरणीच्या पिशवीतून. एकाही घरी मला कोणी 'आमचेच आहेत' म्हटलेलं नाही. प्रत्येक वेळी ते खोटं असतं असंही नाही, कारण ढेकूण खरोखरच कुठून तरी येतो. पण बोट ज्याच्याकडे जातं तो बहुतेक वेळा घरातला सगळ्यात नवा किंवा सगळ्यात कमी बोलणारा माणूस असतो.

"सुनेवर आलं ते तुम्हाला बरं पडलं," असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते त्यांचं स्वतःला कधीचंच म्हणून झालं होतं.

"पलंग फेकायची गरज नाही," एवढंच मी सांगितलं. "दोन्ही खोल्यांत औषध मारते. पंधरवड्याने परत येईन, तोवर अंड्यांतली पिल्लं बाहेर येतात. तेव्हा सगळं निघेल."

संध्याकाळी गांधीलमाश्यांचं काम झालं ते मात्र साऱ्या गल्लीसमोर. यजमान वर आले, शेजारचे गच्चीवरून वाकले, कोणी आपल्याला माशी कुठे चावली होती ते कपाळ दाखवून सांगितलं. पोळं फरशीवर पडलं तेव्हा यजमानांनी ते काडीने उचलून सगळ्यांना दाखवलं. बाई मागे उभ्या होत्या. त्या दिवशी त्या घरात कोणतं काम झालं, हे गल्लीने विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

पंधरवड्याने गेले तर सुनेच्या खोलीत पलंग नव्हता. फरशीवर गादी होती, नवीन चादर, आणि पलंगाच्या चार पायांचे चार पुसट डाग.

"बाबांनी टेम्पो करून आमच्या गावाले पाठवला," सून म्हणाली. सासऱ्यांना ती बाबा म्हणत होती. "माह्या पलंगात झाले असं कानावर गेलं त्यायच्या. म्हने, घरात नको ही बिमारी."

बोलताना ती रडली नाही. भिंतीतल्या फटींना मी औषध मारत होते आणि ती नाकाला ओढणी लावून दारातच थांबली होती. तिला बाहेर जायला सांगितलं तर एक पाऊल मागे सरकली आणि तिथूनच विचारलं, "बाई, खरंच आमच्या पलंगात होते काय जी?"

सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर होत्या. त्या मला दिसत होत्या, तिला नाही.

"होते," मी म्हटलं. "पण ढेकूण लाकडातून उगवत नाही पोरी. जिथं माणूस झोपतो तिथं तो येतो. तुझ्या वडिलांनी ढेकूण पाठवले नाहीत, पलंग पाठवला."

तिने मान हलवली. जिन्यावर पावलं वाजली, खाली जाणारी.

मे लागला तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस अडखळत बोलत होता. मी त्या मुलीचा बाप, म्हणाला. पलंग घरात ठेवल्यापासून आता त्यांच्याकडेही रात्री झोप नव्हती. "आमच्या घरी कधी नव्हते जी. खोटं नाई बोलत. पन आता कोनाले सांगावं? पोरीनं तुमचा नंबर देल्ला."

मी येते म्हटलं. आणि का कोण जाणे, सासूबाईंना फोन लावून एवढंच कळवलं की पलंगासोबत ढेकूण त्या घरी गेले आहेत आणि मी उद्या तिकडे चालले आहे. विचारून सांगतो, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "सकाळी कुठी थांबू?" एवढंच विचारलं.

परकोटाच्या गेटपाशी त्या पिशवी घेऊन उभ्या होत्या. घरी काय सांगून आल्या ते मी विचारलं नाही. मूल गावापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग, मधेच मोहफुलं वेचून झालेल्या झाडांखाली जाळलेल्या पाचोळ्याची राख. सावली गाव मागे गेलं, वैनगंगेचा पूल आला. नदी मधे वाळू टाकून एका कडेने वाहत होती. पुलावर त्या म्हणाल्या, "लग्नात आलती मी याच रस्त्यानं. मानाची साडी नेसून."

घर मातीचं, कवेलूंच्या छपराचं, अंगण सारवलेलं. विहीणबाईंना दारात बघून मुलीच्या आईच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला. मुलीचा बाप जाळं विणत बसला होता तो उठला. दोघांनाही वाटलं असावं की आता पोरगीही परत आली. त्यांची नजर व्हॅनच्या मागच्या दाराकडे गेली.

"पोरगी मजेत हाय," सासूबाई घाईने म्हणाल्या. "मीच आली."

"या जी, बसा," बाप म्हणाला. पाय धुवायला पाणी आलं. रीत सोडली नाही, पण चेहरे आवळलेलेच होते.

मी कामाला लागले. शेतीभागात औषधापेक्षा मोठी गोष्ट आमच्याकडे आहे, ती म्हणजे मेचं ऊन. पलंग बाहेर आणून आम्ही सुटा केला. सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, मग सारे तुकडे खळ्यावर काळ्या ताडपत्रीत गुंडाळून भर उन्हात ठेवायचे. आत इतकं तापतं की अंडंही वाचत नाही. खोलीतल्या भिंतीला आणि खाटांना तेवढं औषध.

पाणी तापवायला चूल पेटवली. सासूबाईंनी पदर खोचला आणि उकळत्या पाण्याचा गंज उचलला. मुलीची आई म्हणाली, "राहू द्या जी इहीनबाई, तुमी पावन्या." त्यांनी ऐकलं नाही. एकीने फळी तिरपी धरायची, दुसरीने पाणी ओतायचं, असं सुरू झालं. पाणी कसं बारीक धारेने सोडायचं, धार सांध्यातून दुसऱ्या बाजूला निघेपर्यंत कसं थांबायचं, हे मला त्यांना शिकवावं लागलं नाही. मुलीची आई त्यांच्या हाताकडे बघत राहिली. अशी सवय एका दिवसात येत नाही, हे कोणत्याही बाईला कळतं.

माशांची फळी हातात आली तेव्हा सासूबाई थांबल्या. "हे आमच्या घरचे होते," त्या फळीकडेच बघत म्हणाल्या. "माझ्या खोलीतले. लय सालांपासून. तुमच्या पोरीच्या अंगावर टाकले मी."

चुलीत लाकूड तडतडलं. मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दयेचं नव्हतं. रागाचं होतं. "साऱ्या गावानं टेम्पो पाह्यला," ती म्हणाली. "मी कोनाकोनाले काय काय सांगतलं मालूम हाय? दारातून आत जात नाई म्हनलं. मोठा झाला म्हनलं."

"मले मालूम होतं," बाप म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "त्या लाकडाची एक एक फळी मी पाह्यली हाय. पन पोरीच्या सासरले कोन म्हनन का तुमीच खोटे?"

सासूबाईंनी फळी खाली ठेवली नाही. मुलीच्या आईने शेवटी गंज उचलला आणि त्यांनी धरलेल्या फळीवर पाणी सोडलं. बराच वेळ दोघी तेच करत राहिल्या. काही क्षमा वगैरे झालं असं मला वाटत नाही. काम अर्धवट होतं, ते पुरं करायचं होतं, एवढंच.

दुपारी जेवण झालं. झिंग्यांची भाजी आणि भात. ताट सासूबाईंना आधी वाढलं.

ताडपत्रीवर विटा ठेवायला आम्ही खळ्यावर गेलो तेव्हा बाजूच्या हातपंपावर बायका होत्या. त्यातली एक म्हातारी मुलीच्या आईला हाक मारून म्हणाली, "कोन पावनी आली वं? अन् पलंग काऊन वाळू घातला?"

मुलीच्या आईने तोंड उघडलं. काहीतरी रचलेलं सांगणार हे दिसत होतं. तेवढ्यात सासूबाई पंपाच्या ओट्यापर्यंत चालत गेल्या.

"मी पोरीची सासू," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी ढेकून झाले, ते या पलंगात गेले. पलंग यांचा चांगला होता. आमीच खराब केला. म्हनून साफ कराले आली."

हातपंपाचा दांडा थांबला. एकीने दुसरीकडे पाहिलं. मग म्हातारी म्हणाली, "ढेकून तं आमच्याबी घरी झालते. निंबाचा पाला ठेवत जा बाई." निंबाच्या पाल्याने ढेकूण मरत नाही. पण मी ते दुरुस्त करायला गेले नाही.

परतताना बापाने व्हॅनपर्यंत सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, आठ-पंधरा दिवसानं टेम्पो पाठवतो. पलंग आमच्या घरी येऊ द्या."

तो बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. "नाई जी," म्हणाला. "तुमी आल्या, बोलल्या, मोठी गोष्ट झाली. पन पलंग आता राहू द्या इथी. पोरगी-जवाई आले का झोपतीन."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच त्यावर काही म्हणता येईना. सासूबाईंनी हात जोडले. रस्त्याला लागल्यावर त्या पदराने तोंड पुसत राहिल्या. घाम होता की काय ते मी बघितलं नाही. व्हॅनचा पंखा बिघडलेला, त्यामुळे घाम दोघींनाही होताच.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं. कसं, ते मला माहीत नाही. मी तिसऱ्यांदा तपासायला गेले तेव्हा दिवाण अंगणात तुकडे करून ठेवला होता आणि यजमान माझ्याशी बोलायचं टाळत होते. सुनेने मला तिच्या खोलीत नेलं. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज, हातांवरचे जुने डाग फिके पडलेले. बाजारातून लोखंडी पलंग आणला होता. "आईनं दोनदा टेम्पोवाल्याले विचारलं," ती म्हणाली. "बाबा हो म्हनत नाई." इथे आई म्हणजे सासू, आणि बाबा म्हणजे तिचे स्वतःचे वडील. मग तिने मला विचारलं, "बाई, कोनाचं बरोबर हाय?"

मी भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात टॉर्च मारत होते. भोक रिकामं होतं. मग मी गादीची एक बाजू उचलली. ती गादीचं दुसरं टोक उचलून उभी राहिली, म्हणजे मला खालची कड बघता यावी.